शनिवारच्या पार्ट खरेदीबद्दल

मंडळी, ज्यांच्या गाडीचं वायरिंग चालू आहे त्यांनी यादी गुरुवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका, शनिवारी सकाळी ठाणे स्टेशनवरून निघतोय. रविवारी का नाही असं परत कोणी विचारू नका, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडची (इलेक्ट्रॉनिक्स मार्केट) बरीचशी दुकानं रविवारी बंद असतात.

रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज बॉक्स, कनेक्टर लॅमिंग्टन रोडला, नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीटला. जुन्या गाडीचा ओरिजिनल कपलर (वायरिंग जोडायचा प्लग) पायजे असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, पण तिकडे वेगळं जाऊ.

वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, स्वस्त असते पण गाडीत नको, गरम होते आणि क्रिंप (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) सैल पडतो. घरातली वायर पण नको, इंजिनजवळ तिचं इन्सुलेशन टिकत नाही. हेडलाइटच्या हाय बीमला 60 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टला 10 अँपिअर, त्याला 2.5 स्क्वेअर एमएम वायर आणि 15 अँपिअरचा फ्यूज, तो पण बॅटरीजवळच, कारण फ्यूज वायर वाचवायला असतो, बल्ब नाही. टर्मिनल (वायरच्या टोकाला लावायच्या क्लिपा) पितळी हवेत, खिशात लोहचुंबक ठेवा, चिकटलं की परत द्या.

आणि चमकतो म्हणून स्टेनलेस बोल्ट सस्पेन्शनला लावू नका प्लीज, तिथे कंपनीने दिलेल्या ग्रेडचाच (मजबुतीचा दर्जा) बोल्ट लावा.

बिल सगळ्याचं घ्यायचं. पैसे आधी जीपे करा, उधारी बंद आहे.