सोलरचा काळा पत्रा नीट पाहून घ्या

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या दारव्हा तालुक्यात सध्या सोलर वॉटर हीटर विकणारे गावोगाव फिरून राहिले, आतला ऊन शोषून पाणी तापवणारा पत्रा काळा दिसला की झालं म्हणतात. पण साधा काळा पेंट ऊन ९०-९५ टक्के शोषतो अन् तापला की उष्णता तेवढ्याच जोरात बाहेर फेकतो. तांब्यावर आधी निकेल अन् वर ब्लॅक क्रोमचं (काळ्या क्रोमियमचं) इलेक्ट्रोप्लेटिंग, म्हणजे विजेनं चढवलेला पातळ थर, असलं तर शोषणं तेवढंच, फेकणं मात्र १०-१५ टक्के, म्हणून थंडीतही पाणी चांगलं तापते. आमच्या पत्र्याचे तर पावसाळ्यातच पोपडे निघाले, विकणारा आता फोन उचलत नाही! आयएस १२९३३ चा, म्हणजे अशा सोलर पत्र्याच्या पेटीसाठीच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहूनच पैसे द्या. बाकी प्लेटिंगचं क्रोमियमचं पाणी विषारी, कारखानेवाले ते नाल्यात तर सोडत नाहीत ना, हे प्रदूषण मंडळानं बघावं.

– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ