जुनी गाडी इंजिन थंड असताना पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कमी बजेटमधल्या अ‍ॅडव्हेंचर बाइकवरचा, म्हणजे खडबडीत वाटांवरही चालणाऱ्या मोटारसायकलींवरचा लेख वाचला. अश्वशक्ती, स्क्रीन, मायलेज सगळं सांगून झाल्यावर 'शक्यतो नवीच घ्या' असा सल्ला एका वाक्यात दिला आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि बारा वर्षं मोटारसायकलवर लांबचे प्रवास करते. आजवर दोन्ही गाड्या सेकंड हँड घेतल्या. पहिलीत फसले, दुसरी अजून चालवते. म्हणून हे पत्र.

पहिली गाडी पाहायला गेले तेव्हा ती चालूच होती. 'तुम्ही येणार म्हणून जरा गरम करून ठेवली,' असं मालक म्हणाला आणि मला त्याचं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी स्टार्टर दाबला तर गाडी उठेचना. उठली तेव्हा सायलेन्सरमधून निळसर धूर आला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रात्रभर उभ्या गाडीत ते झिरपून साचतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला दिसतं. गरम इंजिनात लपून राहतं. आता मी आधी इंजिनजवळ तळहात नेते. ऊब लागली तर सरळ सांगते, उद्या येते, तोवर चालू करू नका.

दुसऱ्या गाडीच्या टाकीवर ओरखडे होते, क्रॅशगार्डचा रंग गेला होता. सोबत आलेला मित्र म्हणाला, सोड ही. पण अशी गाडी खडीवर कधीतरी पडणारच, त्यासाठीच ती केलेली असते. मी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलं आणि ते जिथे अडतं तो फ्रेमवरचा ठोकळा पाहिला. तो चेपलेला असेल तर गाडी जोरात आदळलेली असण्याचा संशय घ्यावा. इथे तो साफ होता. मग पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळूहळू फिरवलं. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं थांबलं. हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, म्हणजे कोन सेट, गेलेला! तो नवा टाकायचा खर्च मी किमतीतून वजा करून घेतला. शेवटी एक छोटा पाना घेऊन चाकाच्या प्रत्येक स्पोकवर हलकेच टिचकी मारली. ताणलेला स्पोक टणकन वाजतो, सैल झालेला भद्द आवाज देतो. छत्तीसपैकी दोनच भद्द वाजले. पुढचे शॉकअप कोरडे होते, म्हणजे तेल गळत नव्हतं, सर्व्हिसची पावती न् पावती जपलेली होती. त्याच दिवशी व्यवहार ठरवला.

वाचलेल्या पैशांतून चांगले बूट, गुडघ्यांचं संरक्षण आणि खडबडीत रस्त्यावरचे टायर घेतले, शिवाय दोन दिवसांचं प्रशिक्षण. ते दोन दिवस मला सगळ्यात जास्त उपयोगी पडले. माझ्या एका सहकाऱ्याने त्याच सुमारास सगळी शिल्लक घालून कोरी गाडी घेतली. ओरखडा पडेल म्हणून वर्षभर ती डांबरी रस्ता सोडून खाली उतरली नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

नव्या गाडीचं मोल मला कळतं. वॉरंटी असते, आधीचा इतिहास खणावा लागत नाही. ज्याच्या ओळखीत भरवशाचा मेकॅनिक नाही, त्याने नवीच घ्यावी. 'जुनी' म्हणतानाही साल पाहायला हवं. रॉयल एनफील्डची ४११ सीसीची हिमालयन २०१६ मध्ये जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरसह आली, तिला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) २०१८ मध्ये मिळालं आणि मागच्या चाकाचं एबीएस बंद करण्याची सोय २०२० मध्ये. सैल खडीच्या उतारावर ही सोय फार कामाची, तिथे एबीएसमुळे गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाड्यांत एवढा फरक असतो. आपल्या लेखात याचा उल्लेखही नाही.

वजनाबद्दलही एक शब्द नाही. नवी ४५२ सीसीची हिमालयन काय, जुनी ४११ काय, दोन्ही २०० किलोच्या आसपास. हीरोची एक्सपल्स २०० चाळीसेक किलोंनी हलकी. चिखलात आडवी झालेली गाडी एकटीने उचलायची वेळ आली की हे चाळीस किलो आठवतात. शोरूममधली गाडी कोणी आडवी करून उचलू देत नाही. जुनीचा मालक समजूतदार असेल तर गवतावर देतो. मी दोनदा उचलली, मगच हो म्हटलं.

माझी विनंती एवढीच आहे. नव्या गाड्यांची परीक्षणं छापता तशी चार-पाच वर्षं वापरलेल्या, चाळीस हजार किलोमीटर धावलेल्या गाड्यांचीही छापा. काय झिजतं, काय टिकतं, कोणता भाग मिळायला महिना लागतो, हे त्या चालवणाऱ्यांना विचारून लिहा. सुरुवातीला माझी गाडी द्यायला मी तयार आहे. सकाळी लवकर या, तोवर मी ती चालू करणार नाही.

आपली,
एक वाचक, विज्ञान शिक्षिका