इसार पाठवण्यापूर्वी

नाशिक

चि. सौ. कां. मुक्ता हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या लग्नासाठी डेकोरेशनवाल्याचे कोटेशन तू काल पाठवलेस, ते दोनदा वाचले. रकमेविषयी माझी तक्रार नाही. आज रात्रीपर्यंत निम्मे पैसे न आल्यास तारीख दुसऱ्याला देऊ, हे शेवटचे वाक्य मात्र खटकले. वैशाखातले मुहूर्त थोडे असतात आणि गंगापूर रोडवरची लॉन्स लवकर भरतात, हे खरे आहे. परंतु जो पैशांची घाई करतो आणि लेखी कराराचा विषय निघताच ‘आपल्यात कागद कशाला’ म्हणतो, त्याला इसार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुझ्या चुलतबहिणीच्या लग्नात आम्ही हाच धडा शिकलो. अल्बम पाहून फोटोग्राफर ठरवला. त्याने एकाच मुहूर्तावर तीन कामे घेतली होती, त्यामुळे तो स्वतः दुसरीकडे गेला आणि आमच्याकडे दोन शिकाऊ मुले आली. कन्यादानाच्या ऐन वेळी त्यांच्यातल्या एकाच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. पावतीवर ‘लग्न, फोटो व व्हिडिओ’ एवढेच लिहिलेले असल्याने भांडायलाही हाती काही नव्हते. म्हणून निवडक फोटोंवर न भुलता एखाद्या लग्नाचे सगळे फोटो पाहायला माग, आणि प्रत्यक्ष कोण येणार त्याचे नाव करारात लिहून घे. यावर जो चिडेल, त्याला तिथेच नमस्कार करावा.

केटररच्या बाबतीत ताटाचा दर फार कमी असला, तर मला आनंदाऐवजी शंका येते. कारण वाढपी, पाण्याच्या बाटल्या, भांड्यांचा टेम्पो आणि जीएसटी हे सारे मग शेवटच्या बिलात उगवते. किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील आणि त्या दिवशी ताटे कोण मोजणार, हे आधीच विचारावे. मोजणीला आपला माणूस उभा राहील म्हटल्यावर प्रामाणिक केटरर हरकत घेत नाही. (हे काम तुझ्या मामाला मात्र देऊ नये, तो आधी जेवतो आणि मग मोजतो.) अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांकही मागून घे.

बिलावर एका फर्मचे नाव आणि यूपीआयवर भलत्याच माणसाचे नाव दिसले, तर पैसे पाठवू नकोस. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो आणि तो सरकारी पोर्टलवर विनामूल्य तपासता येतो. डेकोरेशनवाल्याच्या कोटेशनवर जीएसटी आकारला आहे, पण क्रमांक कुठेच नाही.

लॉन्सवाल्याने ‘डीजे बारापर्यंत वाजवा, पोलिसांचे आम्ही बघू’ असे सांगितल्याचे तू लिहिलेस. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, त्यामुळे पोलीस आले की तो बाजूला होईल आणि उत्तरे मला द्यावी लागतील. त्याच्याकडून मला दोनच गोष्टी लेखी हव्या आहेत: अवकाळी पाऊस आला तर पाहुण्यांना बसवायला छताखाली जागा कुठली, आणि तारीख रद्द झाली तर किती पैसे किती दिवसांत परत मिळतील.

रविवारी सकाळी मी आणि तुझी आई लॉन्स पाहायला जात आहोत. तिथून फोन करीन, तोवर कोणालाही रुपया पाठवू नकोस.

तुझे
बाबा