मिरकरवाड्याच्या चाचांना, मामाचं रील सोडवून दिल्याबद्दल

आदरणीय चाचा,

सलाम.

तुमच्यासमोर आभार मानायला गेले तेव्हा तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा इंजिनाकडे वळलात. मासेमारी बंदीचे दिवस होते ते, १ जून ते ३१ जुलै. नौका वर ओढलेल्या, आणि बंदरातली सगळी इंजिनं त्याच दोन महिन्यांत तुमच्या दारात. अशा वेळी कोण काय बोलणार? म्हणून हे पत्र. उघड लिहिते आहे, कारण किनाऱ्यालगतच्या बऱ्याच घरांत माळ्यावर असं एखादं गळाने मासे धरायचं, दोर गुंडाळायचं गंजलेलं रील असेल, आणि ते भंगारात जाण्याआधी तुमचं सांगणं त्या घरापर्यंत पोचावं असं मला फार वाटतं.

वाचणाऱ्यांना रीलची ओळख करून देते. ते पेन कंपनीचं स्पिनफिशर. ऑटो हेन्झ यांनी १९३२ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाला ही कंपनी सुरू केली. माझा मामा जहाजावर खलाशी होता. कुठल्याशा परदेशी बंदरात त्याने ते घेतलं, आणि सुट्टीवर आला की भगवती बंदराच्या खडकांवर नाहीतर भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी तो ते घेऊन गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जायचा. तांबोशी, शेंगाळा, कधीतरी जिताडा. मामा गेला आणि रील ट्रंकेत राहिलं. मी बाहेर काढलं तेव्हा हँडल जागचं हलत नव्हतं. दोर गुंडाळणारी तारेची कमान मिटत नव्हती, तिच्यावरची बारीक पुली जाम होती, आणि बाजूच्या झाकणाच्या स्क्रूंभोवती पांढरी पूड फुलून आली होती. दाखवलं तिथे सगळ्यांनी नवं घ्यायला सांगितलं. एका वर्कशॉपमध्ये हँडलला पाइप अडकवून जोर लावून बघू म्हणाले. मी ते तसंच उचललं आणि तुमच्याकडे आले.

तुम्ही ते दारात उजेडाला धरलंत, नखाने पांढरी पूड खरवडलीत आणि विचारलंत, बॉडी कशाची आहे आणि स्क्रू कशाचे. मला सगळ्यात आधी त्या प्रश्नाचे आभार मानायचे आहेत. तोवर रील किती जुनं, किमतीला किती, एवढंच लोक विचारत होते. आत कुठला धातू कुठल्या धातूला भिडलाय हे विचारणारे तुम्ही पहिले.

बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेसचे, आत पितळ. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. असं पाणी दोन वेगळ्या धातूंच्या फटीत शिरलं की तिथे बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. झिजून त्याची जी पांढरी पूड होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. जागा तर वाढत नाही, मग ती पूड आट्यांमध्ये ठासून बसते आणि स्क्रूला चहूबाजूंनी आवळते. स्टेनलेसचा स्क्रू स्वतः जवळजवळ नव्यासारखा असतो, तरी हलत नाही.

मी विचारलं होतं की ट्रंकेत, कोरड्या जागी ठेवलेलं रील सडलं कसं. तुम्ही म्हणालात, पावसात स्वयंपाकघरातलं मीठ काय करतं ते बघ. नंतर मी वाचून काढलं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहून कमी दमटपणातही ओलावतात. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा कशी असते ते सांगायला नको. म्हणजे मामाच्या शेवटच्या गरवणीचं मीठ दर पावसाळ्यात ओलं होऊन नव्याने कामाला लागत होतं.

तेलाची बाटली मी घेऊनच आले होते. तुम्ही ती बाजूला ठेवायला लावलीत. आधी कोमट गोडं पाणी, रात्रभर, मध्ये पाणी बदलून. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. आधी तेल सोडलं तर मीठ तेलाखाली तसंच राहून आपलं काम करत राहतं. इतकी साधी गोष्ट, पण ज्यांनी ज्यांनी मला सल्ला दिला होता त्यांची सुरुवात तेलापासूनच होती.

रील पूर्ण वाळल्यावर तुमचं मिश्रण निघालं, गाडीच्या पॉवर स्टिअरिंगला घालतात ते एटीएफ नावाचं लाल तेल आणि अ‍ॅसिटोन, निम्मं निम्मं. दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत म्हणून दर वेळी बाटली हलवायची. अ‍ॅसिटोन रंग आणि प्लास्टिक खातं, म्हणून तारेच्या टोकावरून एकेक थेंब, फक्त स्क्रूच्या कडेला. मग थांबायचं. तुम्ही एका इंजिनाचं हेड उतरवेपर्यंत मी नुसती बसून होते, आणि त्या बसण्यालाही तुम्ही कामच म्हणालात.

डिसमिस तुम्ही तीन-चार लावून पाहिलेत आणि एकही पसंत पडला नाही. शेवटी एकाचं टोक कानशीने घासून खाचेत घट्ट बसेल असं केलंत. खाच भरून टोक बसलं नाही तर ते निसटतं, डोकं सोलतं आणि पुढचे सगळे मार्ग अवघड होतात. रील दुरुस्तीत मला काही अडलं की मी आता सर्वांत आधी डिसमिसचं टोक तपासते.

मग सोल्डरिंग आयर्न. अ‍ॅसिटोन पेट घेतं, म्हणून ते पुसून, वाफ पूर्ण उडून जाईपर्यंत तुम्ही प्लग लावू दिला नाहीत. गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरायचं. स्क्रू तापून फुगतो आणि भोवतालची पूड चुरडतो. निवला की आकसतो आणि केसाएवढी फट राहते, तिच्यात नवीन तेल ओढलं जातं. हेच उलट बाजूनेही करता येतं हे तुम्ही शेवटच्या दोन स्क्रूंवर दाखवलंत. हेअर ड्रायरने बॉडी तापवली. तेवढ्याच उष्णतेला अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त फुगतं, त्यामुळे भोक सैल होतं.

आणि सोडवण्याआधी आवळायचं! हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. डिसमिसवर हातोडीने हलके ठोके, मग किंचित आवळण्याच्या दिशेने, मग किंचित सोडण्याच्या. हलला की लगेच काढायचा नाही. पाव फेरा पुढे, थेंब तेल, परत मागे, म्हणजे चुरा आट्यांत अडकून राहत नाही. पहिला स्क्रू हलला तेव्हा 'कट्' असा आवाज आला आणि मला वाटलं, तुटला. तुम्ही न बघताच सांगितलंत की सुटला.

एका स्क्रूचं डोकं मुळातच झिजलेलं होतं. हॅक्सॉच्या पात्याने नवी खाच पाडली, तीही धरेना. तेव्हा तुम्ही बारीक ड्रिलने नुसतं डोकं उडवलंत. मी घाबरले होते. पण झाकण उचललं गेलं, ओढ संपली, आणि उरलेलं खोड थोड्या उष्णतेने पकडीत धरून सहज बाहेर आलं. बॉडीतले आटे शाबूत. तुमच्या हातावरचा माझा विश्वास तेव्हा पक्का झाला.

आतल्या पितळी भागांवरच्या हिरव्या थराला तुम्ही चिंचेचा कोळ सांगितलात. तांब्यापितळेची भांडी घासणाऱ्या घरात वाढलेली मी, तरी हे मला सुचलं नव्हतं. अ‍ॅल्युमिनियमला मात्र आंबट फार वेळ लावायचं नाही आणि कॉस्टिक सोड्याच्या जवळही न्यायचं नाही, तो अ‍ॅल्युमिनियमच विरघळवतो. पांढरी पूड काढायला जुना टूथब्रश. लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि मग तेच गंजतात. कमानीवरची पुली सर्वांत हट्टी निघाली. चामड्याचा तुकडा गुंडाळून, पकडीने हळूहळू दोन्हीकडे फिरवत ती मोकळी केली. ही पुली अडली की दोर एकाच जागी घासून तिच्यात खाच पाडतो आणि मोठा मासा लागला की तिथेच तुटतो, म्हणून तुम्ही तिला सोडून उठू दिलं नाहीत ते बरंच झालं. बेअरिंग वाचण्यासारखं नव्हतं. त्यावरचा नंबर वाचून तसंच बाजारात मिळालं.

परत बसवताना प्रत्येक आट्याला मरीन ग्रीस लावायला लावलंत, होडीच्या मागे लावतात त्या आउटबोर्ड इंजिनाचा पंखा शाफ्टवर जाम होऊ नये म्हणून लावता तेच. पुढच्या माणसाला हे सोपं जावं म्हणून, एवढंच कारण तुम्ही दिलंत.

चाचा, तुम्ही ते रील स्वतः निम्म्या वेळात सोडवलं असतंत. तरी ड्रिल सोडून बाकी प्रत्येक वेळी हत्यार माझ्या हातात दिलंत आणि घाईच्या दिवसांत शेजारी उभे राहून कारण सांगितलंत. कामात बाई कशाला, असा भाव तुमच्याकडे एकदाही दिसला नाही. माझ्यासाठी ही मदत रीलपेक्षा मोठी आहे, आणि ती मी विसरणार नाही.

रील आता फिरतं. कमानीची स्प्रिंग अजून जुनीच आहे, मिटताना थोडी ढिली वाटते. नवी मागवली आहे. ती आली की बसवण्याआधी तुम्हाला दाखवायला येते. शेजारच्या काकूंकडे त्यांच्या सासऱ्यांचं एक रील निघालंय, पितळी, क्रोम चढवलेलं, दोन्ही बाजू जाम. ते मी सध्या गोड्या पाण्यात घालून ठेवलंय. चिंच क्रोमला चालेल का, तेवढं सांगा.

आपली,
मामाचं रील घेऊन आलेली भाची
रत्नागिरी