आई-बाबा, नोकरी सोडली आहे

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "थांब, आईकडे देतो" म्हणून फोन सोपवला असता आणि आई रडली असती. म्हणून लिहितेय. मी राजीनामा दिलाय आणि तो मंजूरही झालाय, तेव्हा "अजून एकदा विचार कर" आता नको. पुढच्या महिन्यापासून मी आंदोलनाचं पूर्णवेळ काम करणार आहे.

आधी तुमच्या काळजीचं सांगते. दोघांच्या गोळ्या, विम्याचा हप्ता, रात्रीच्या बाईंचा पगार यातलं काहीही अडणार नाही. ते पैसे वेगळ्या खात्यात टाकलेत आणि दर महिन्याला आपोआप वळते होतील. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्या तारखेलाच होईल आणि मी तिथे असेन, त्या दिवशी कितीही मोठा मोर्चा असला तरी. माझं कर्ज फिटलंय. मानधन मिळतं. थोडं आहे, पण मिळतं. आई, तू दादाला विचारणार आहेसच, तर विचार. हिशेब त्यानेच तपासलाय.

बाबा, तुम्हाला लागेल ते "सरकारविरुद्ध". उभं आयुष्य कचेरीत घालवलंत आणि पोरगी कचेरीवर मोर्चे नेणार! पण मला तुमची कचेरी आठवते ती सुटल्यानंतरची. मी टेबलाखाली शिक्क्याच्या पॅडने बोटं निळी करत बसलेली आणि वर तुम्ही कुणा आजींचा तोच अर्ज पुन्हा लिहून देताय. एकदा सही नाही म्हणून परत आलेला, मग सही जुळत नाही म्हणून. तुम्ही चिडायचात, पण आजींवर कधीच नाही. माझी चीड तिथूनच आलीय. तुमच्यावर ती कधीच नव्हती, एवढं तरी माना.

तुम्ही म्हणता, लोक क्षुल्लक गोष्टीवरून रस्त्यावर येतात. 2019 मध्ये चिलीत सांतियागोच्या मेट्रोचं तिकीट 30 पेसोंनी वाढलं आणि शहर पेटलं. लोक म्हणत होते, हा 30 पेसोंचा नाही, 30 वर्षांचा प्रश्न आहे. 1990 ला हुकूमशाही संपली, निवडणुका होऊ लागल्या, देशाकडे पैसा आला. पण म्हातारपणीची पेन्शन खासगी फंडांच्या हातात आणि चांगले उपचार ज्याच्या खिशात पैसे त्याला. त्या ऑक्टोबरात एका दिवशी दहा लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली. ती काय तिकिटासाठी? माणूस गरिबी सोसतो हो, पण आपल्याला रांगेत उभं करून दुसऱ्याला मागच्या दाराने आत घेतलेलं नाही सोसत. 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाल्यावर अमेरिकेने तीन आठवड्यांच्या आत वित्तसंस्था वाचवायला 70,000 कोटी डॉलरची तरतूद केली. ज्यांची घरं गेली, त्यांच्यासाठी एवढी घाई कुणाला नव्हती.

आता तुमचा पुढचा मुद्दा मीच मांडते, म्हणजे बीपी वाढायला नको. गर्दीला डोकं नसतं आणि शेवटी एक माणूस तिच्या खांद्यावर चढून बसतो. खरंय. हंगेरीत 2010 ला चिडलेल्या लोकांनी विक्टर ओर्बान या नेत्याच्या पक्षाला दोन तृतीयांश जागा दिल्या. त्यांनी नवी राज्यघटना आणली, न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 70 वरून 62 वर आणलं आणि कितीतरी ज्येष्ठ न्यायाधीशांना एका फटक्यात घरी बसवलं. सगळं "जनतेच्या" नावाने. चिलीतही त्या आंदोलनानंतर 78 टक्के लोकांनी नवी घटना हवी म्हणून कौल दिला, आणि 2022 मध्ये मसुदा समोर आल्यावर 62 टक्क्यांनी तो नाकारला. पुढच्या वर्षी दुसरा मसुदाही नाकारला. काय नको यावर एकमत पटकन होतं.

मी जातेय ते नेमकं याचसाठी. घोषणा द्यायला माझा आवाज कुठे चालतो? मी मागण्यांचा हिशेब मांडणार आहे. सभेत "मोफत" म्हटलं की टाळ्या पडतात आणि "पैसे कुठून?" विचारलं की सगळ्यांना खोकला येतो. त्या खोकल्याच्या वेळी कुणीतरी कागद घेऊन उभं राहायला हवं. अमेरिकेत 1892 मध्ये शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने जास्त कमाईवर जास्त दराने आयकर आणि सिनेटरांची, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहातल्या सदस्यांची, थेट लोकांकडून निवडणूक मागितली होती. पक्ष हरला, मग विरून गेला. पण 1913 मध्ये आयकर आणि थेट निवडणूक दोन्ही तिथल्या घटनेत आलं. ज्यांनी मागण्या नीट लिहून ठेवल्या, त्यांची नावं आता कुणाला आठवतात? मला तेवढं चालेल.

आमच्या नेत्यांशी माझं आत्ताच वाजलंय. त्यांना स्पष्ट सांगितलंय की ज्या दिवशी तुम्ही "हरलो म्हणजे मतमोजणीच खोटी" म्हणाल, त्या दिवशी मी बाहेर. हसले ते. मला ते हसणं फारसं आवडलं नाही, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

आई, काकांचं जे झालं ते माझ्याही डोक्यात आहे गं. मी पुढे पुढे करणार नाही, अंधार पडल्यावर जमावात थांबणार नाही. वकीलबाईंचा नंबर दादाकडे दिलाय. आणि लहानपणी ताप आला की तू रात्रभर पायाशी बसायचीस, तशी आता बातम्या लावून बसू नकोस. रोज रात्री मी फोन करेन. उशीर झाला तर मेसेज तरी करेनच.

बाबा, बीपी सकाळी मोजायचं, बातम्यांच्या आधी, आणि खरा आकडा लिहायचा. मागच्या महिन्याची वही पाहिली मी, रोज 130 वर 80 कुणाचं येतं? शेजारी विचारतील तेव्हा मी "सुट्टीवर" आहे असं सांगू नका. सरळ सांगा, मुलीने नोकरी सोडलीय. तुम्हाला पटलं नाही हेही सांगा, माझी हरकत नाही. मंगळवारी रक्ततपासणीला उपाशीपोटी जायचंय, दोघांनीही, आणि आईला जिन्यावरून एकटीला उतरू देऊ नका.

तुमची,
धाकटी