ट्रॅक बांधू नका, आकडे लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तळ्याच्या पोटातून गेलेली सिमेंटची वाट, दोन्ही बाजूंना पाणी आणि पाण्याच्या पातळीला टेकलेली सायकलस्वाराची नजर, हा फोटो गेली काही वर्षे मोबाइलवर फिरतो आहे. कुठल्याही तलावाच्या सुशोभीकरणाची चर्चा निघाली की कोणीतरी तो पुढे करते आणि ‘असा ट्रॅक आपल्याकडेही हवा’ अशी मागणी होते. फोटोत जे दिसत नाही, ते वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

हा फोटो बेल्जियममधल्या लिम्बर्ग प्रांतातला, बोक्राइक इथला आहे. ही वाट २०१६ मध्ये खुली झाली. लांबी २१२ मीटर, रुंदी ३ मीटर. सावकाश चालवली तरी मिनिटभरात संपते. लिम्बर्गचे सायकलजाळे मात्र सुमारे २,००० किलोमीटरचे आहे आणि त्यातला बहुतेक भाग सायकलसाठी म्हणून नव्याने बांधलेला नाही. शेतरस्ते, जंगलवाटा, अल्बर्ट कालव्याच्या काठचे रस्ते आणि कोळशाच्या गाड्यांचा बंद पडलेला लोहमार्ग हे सगळे आधीपासूनच होते. त्यांना एकत्र बांधले ते आकड्यांनी.

लिम्बर्गमध्ये कोळशाच्या खाणी होत्या. त्यातली शेवटची, झोल्डरची, १९९२ मध्ये बंद झाली. खाणीतले बोगदे जिथे एकमेकांना मिळतात तिथे क्रमांक असतो आणि माणूस त्या क्रमांकांवरून अंधारात वाट काढतो. ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याने हीच पद्धत जमिनीवर आणली आणि १९९५ मध्ये लिम्बर्गमध्ये पहिले जाळे उभे राहिले. पुढे ती शेजारच्या नेदरलँड्समध्येही पसरली.

पद्धत अशी. जिथे दोन सायकलवाटा मिळतात, त्या फाट्याला एक आकडा. तिथल्या फलकावर शेजारच्या प्रत्येक आकड्याकडे जाणारा बाण. दोन आकड्यांच्या मध्ये जिथे वळायचे, तिथे पुन्हा एक छोटा फलक. सकाळी नकाशा बघायचा आणि कागदावर एक ओळ लिहायची, समजा १२, ४७, ४८, ५ आणि परत १२. तो कागद चिकटपट्टीने हँडलच्या मधोमध लावला की दिवसाचे नियोजन संपले. मोबाइलला रेंज नसली, बॅटरी उतरली, तिथली भाषा येत नसली, तरी अडत नाही. दमलात तर ४८ वरूनच मागे फिरता येते, कारण प्रत्येक वाट दोन्ही दिशांनी दाखवलेली असते. आकडे क्रमाने नसतात हे नवख्याला खटकते. पण शेजारी कोणता आकडा आहे, एवढेच इथे बघायचे असते.

चूक होते ती मधल्या वळणांवर. फांदी वाढून फलक झाकला जातो, ट्रकचा धक्का लागून बाण भलतीकडे वळतो. नियम ठरलेला आहे: फलक नाही याचा अर्थ सरळ जा. हा नियम पाळायचा तर शंका येईल अशा प्रत्येक फाट्यावर फलक असलाच पाहिजे. एक जरी गळाला तरी सायकलस्वार चारपाच किलोमीटर भलतीकडे जातो आणि पुढच्या सगळ्या फलकांवरचा त्याचा विश्वास उडतो. तिथे स्वयंसेवक आपापल्या वाट्याच्या रस्त्यांवर फिरून फलक तपासतात. आमच्या मते या कामाला फलक लावण्याइतकेच महत्त्व आहे.

आता आपल्याकडचा अनुभव. मुंबईत पवई तलावाकाठी महापालिकेने हाती घेतलेला सायकल ट्रॅक उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि टाकलेला भराव काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार, ते लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. अपवाद आहे तो बोटींच्या धक्क्यांचा. हे नियम माणसाने बांधलेल्या प्रत्येक तलावाला लागू होत नाहीत, पण त्यांच्यामागचे कारण सगळीकडे तेच आहे. काठाची उथळ, चिखलाची पट्टी हेच पाणपक्ष्यांचे खाद्यक्षेत्र असते आणि भराव नेमका तिथेच पडतो.

लिम्बर्गच्या पद्धतीला आपल्या राज्यात सर्वांत सोयीचा मुलूख कोणता, तर भंडारा आणि गोंदिया. लिम्बर्गमधल्या हॅसेल्ट आणि गेंकच्या परिसरात जशी माशांसाठी खणलेली शेकडो तळी आहेत, तसे इथे माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, ताब्यातले) तलाव, बोलीत मामा तलाव, गावोगाव आहेत. कोहळी समाजाने खपून बांधलेले. एका तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, दुसऱ्याच्या पाळीपर्यंत धानाच्या बांधांमधून जाणारे गावरस्ते तयार आहेत. मोठी वाहने महामार्गावरून जातात, या रस्त्यांवर ती क्वचितच येतात.

पण पाळ म्हणजे रस्ता नव्हे. ओल्या पाळीवरून चाके गेली की चाकोरी पडते, पुढच्या पावसाचे पाणी त्या चाकोरीतून वाहते आणि पाळीला घळ पडायला सुरुवात होते. म्हणून जुलै ते ऑक्टोबर पाळीवरच्या वाटा बंद ठेवून आकडे खालच्या रस्त्याने फिरवावेत. सांडव्यावरून पाणी वाहत असेल तर सायकल हातात धरूनही ओलांडू नये. शेवाळलेल्या दगडावर पाय टिकत नाही.

जंगलाबद्दल स्पष्टच लिहितो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या आत सायकलवाट मागू नये. सायकलचा आवाज होत नाही आणि वळणावर जनावर व माणूस अचानक समोरासमोर येतात. जंगलालगतच्या वाटांवरही सकाळी आठनंतर निघावे आणि दुपारी चारच्या आत गाव गाठावे. मोहफुलांच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे झाडाखाली अस्वल असू शकते. वेचायला जाणाऱ्या बायांना हे ठाऊक असते, शहरातून आलेल्यांना नसते.

सर्वांत अवघड प्रश्न मोटारसायकलचा आहे. लिम्बर्गमध्ये वाटेच्या तोंडाशी दीड मीटर अंतरावर दोन खांब रोवले की मोटार थांबते आणि सामान लादलेली सायकल निघून जाते. आपल्याकडे ज्या फटीतून सायकल जाते, त्याच फटीतून मोटारसायकल जाते. फट आणखी अरुंद केली किंवा फिरते फाटक बसवले तर मागच्या पिशव्या अडकतात आणि तीनचाकीवर फिरणाऱ्या अपंगांना तर प्रवेशच बंद होतो. शिवाय शेतकऱ्याने शेतात मोटारसायकलवर जायचेच आहे, तो त्याचा रस्ता आहे. तेव्हा संपूर्ण वाहनबंदीचा हट्ट सोडावा. महामार्गाला पर्याय म्हणून वापरता येणार नाही अशाच वाटा जाळ्यात घ्याव्यात, म्हणजे आपापल्या शेतात जाणाऱ्यांखेरीज तिथे कोणी येत नाही. महामार्ग मात्र कुठेतरी ओलांडावाच लागतो, तो भुयारी मोरीतून किंवा सिग्नलपाशीच ओलांडावा. जिथे तशी सोय नाही, तिथे आकडा लावू नये.

सायकलीबद्दल थोडे. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर या रस्त्यांना पुरतो. पंचाहत्तर किलोचा माणूस आणि दहा किलो सामान असेल तर ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी. मुरमावर पाच-सहाने कमी केली तर मनगटांना हादरे कमी बसतात. खरा शत्रू बाभळीचा काटा. तो टायरमध्ये मोडून राहतो. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवावे. ते जिथे अडकेल तिथे काटा आहे, तो चिमट्याने बाहेरूनच ओढून काढावा. हे न केल्यास नवी ट्यूब शंभर मीटरवर बसते. ट्यूबलेस असेल तर प्रत्येक चाकात ६० मिलिलिटरच्या आसपास सीलंट (भोक बुजवणारा द्रव) लागते, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळते. कॅरियरचे बोल्ट मुरमाच्या कंपनाने सैल होतात आणि एक गळला की सगळा भार दुसऱ्यावर येऊन तो तुटतो, म्हणून रोज संध्याकाळी किल्ली फिरवावी. दिवसाला ४०-५० किलोमीटर पुरे. कच्च्या वाटेवर ताशी बारा-चौदाचाच वेग धरून हिशेब करावा.

जे वाचक प्रत्यक्ष लिम्बर्गला जातील त्यांच्यासाठी दोन सूचना. तिथे उजवा ब्रेक मागच्या चाकाचा आणि डावा पुढच्या चाकाचा असतो, आपल्याकडच्या नेमका उलट. भाड्याच्या अनेक सायकलींना पॅडल उलटे फिरवले की लागणारा ब्रेक असतो. पाय नीट ठेवण्यासाठी पॅडल मागे फिरवण्याची आपली सवय असते, ती तिथे सायकल जागीच थांबवते. भाड्याने घेतल्यावर आधी मोकळ्या जागेत दहा मिनिटे चालवून बघावी. आणि तिथल्या केम्पेन भागातल्या जंगलात पांढरी भुसभुशीत वाळू लागली तर पुढचा ब्रेक दाबू नये, वजन मागे घेऊन हलक्या गिअरवर पॅडल मारत राहावे.

भंडारा-गोंदियात सुरुवात छोटी असावी. सहा-सात आकड्यांचे एक वर्तुळ, तीस-पस्तीस किलोमीटरचे, गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या एखाद्या स्थानकापासून सुरू होणारे. लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे आहेत, मोठे जलसंपदा विभागाकडे. पाळीवरून जाण्याची परवानगी त्यांच्याकडून, आणि आकडे रंगवण्याची ग्रामपंचायतीकडून लेखी घ्यावी. पत्र्याचे फलक भंगारात जातात, म्हणून मोरीच्या कठड्यावर पांढऱ्या चौकोनात वीतभर उंचीचा काळा आकडा आणि बाण ऑइलपेंटने रंगवावा. पावसाळ्यात रंग उडतो. ज्या गावाच्या हद्दीत तो आकडा आहे, त्या गावातल्या एकाकडे रंगाचा डबा आणि ब्रश सोपवावा आणि दिवाळीपूर्वी त्याने सगळे आकडे एकदा गिरवून घ्यावेत.

आपले,
सायकलने फिरणारे काही वाचक, भंडारा