पऱ्हाटीचा भाव आधी जाहीर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या धुऱ्यांवर (बांधांवर) पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग पेटू लागतात. संध्याकाळी गावावर धूर साचतो आणि शेतकरी प्रदूषण करतात असे आम्हाला ऐकवले जाते. हे ढीग का पेटतात, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने वावरेच्या वावरे खाल्ली. तेव्हापासून कृषी विभाग आणि विद्यापीठ दरवर्षी बजावतात की फरदड (हंगामानंतर तेच झाड राखून घेतलेले जादा पीक) घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पीक संपवा आणि पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका, कारण तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांतून अळी पुढच्या हंगामात येते. हा सल्ला योग्यच आहे. पण उपटलेल्या पऱ्हाटीचे पुढे करायचे काय, याचे परवडेल असे उत्तर मिळत नाही, म्हणून शेतकरी काडी लावतो.

एका हेक्टरमधून साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. म्हणजे माझ्यासारख्या पाच एकरवाल्याच्या वावरात दरवर्षी चार ते सहा टन जळण तयार होते, आणि तेही भाताच्या तणसासारखे भुसभुशीत नव्हे, तर लाकडासारखे टणक. तिचा भुगा करून, दाबून केलेल्या कांड्यांना आपल्याकडे पांढरा कोळसा म्हणतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या अशा वापरावर वर्षानुवर्षे काम केले असून, या संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पऱ्हाटी उपटण्याची अवजारे तयार केली आहेत. तंत्र आहे आणि कच्चा मालही आहे. गिऱ्हाईकसुद्धा आहे, कारण चंद्रपूर, कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रे याच विदर्भात आहेत आणि त्यांतील एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॅट आहे.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशावरील वीज केंद्रांना कोळशात शेतीच्या अवशेषांपासून केलेले पेलेट (दाबून केलेल्या जळणाच्या लहान गोळ्या) मिसळणे बंधनकारक केले. २०२३ च्या सुधारणेत हे प्रमाण २०२४-२५ पासून पाच टक्के आणि २०२५-२६ पासून सात टक्के असे त्या वेळी ठरवले गेले. पेलेटचा वाढीव खर्च वीजदरात धरण्याची मुभाही धोरणातच आहे. कागदावर हे धोरण चांगले आहे. तरीही आमच्या शिवारात पऱ्हाटी जळतेच, कारण हा नियम वीज केंद्राच्या दारात सुरू होतो आणि तिथेच संपतो. वावरापासून त्या दारापर्यंतच्या वाटेवर धोरणाचा हात पोहोचलेला नाही.

गेल्या वर्षी मी स्वतः एका पेलेट कारखान्याकडे चौकशी केली. माल बारीक कापलेला, वाळलेला आणि किमान एक ट्रक हवा, असे उत्तर मिळाले. पऱ्हाटी वजनाला हलकी पण पसाऱ्याला मोठी असते. ट्रॉली शिगोशीग भरलेली दिसते, पण काट्यावर तिचे वजन जेमतेम भरते आणि मिळणारा पैसा डिझेलमध्येच जातो. उपटणीची मजुरी वेगळीच. म्हणून ती वावरातच किंवा गावातच कापली गेली, तरच हा व्यवहार बसतो. त्यासाठी लागणारे छोटे, पाच-दहा गावांत फिरणारे, ट्रॅक्टरवर चालणारे उपटणी-कापणी यंत्र आमच्या भागातले कारागीर बनवू शकतात. तालुक्याच्या गावी वेल्डिंगची दुकाने चालवणाऱ्या पोरांची कल्पकता मी पाहिली आहे. पण विकत कोण घेईल, किती वर्षे घेईल आणि काय भावाने घेईल हे ठाऊक नसताना कोणता कारागीर कर्ज काढून नवे यंत्र घडवील?

या ठिकाणी उसाकडे पाहावे. पेट्रोलमधील इथेनॉलचे मिश्रण २०१३-१४ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होते, ते २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. हे काही कोणा एका शोधामुळे झाले नाही. सरकारने मिश्रणाचे उद्दिष्ट आखले, कोणत्या कच्च्या मालाच्या इथेनॉलला काय दर मिळेल हे जाहीर केले, तेल कंपन्यांना खरेदी करायला लावली आणि २०१८ पासून आसवनी प्रकल्पांच्या कर्जावरील व्याजात सवलत दिली. विक्रीची खात्री मिळताच कारखान्यांनी यंत्रसामग्री उभारली. उसाला मिळाले याचे मला वाईट वाटत नाही, परंतु पाणी पिणाऱ्या पिकाच्या मळीसाठी जे जमले, ते कोरडवाहू कापसाच्या काडीसाठी का जमू नये, हा प्रश्न विदर्भाने विचारायलाच हवा.

भाताच्या तणसाच्या बाबतीतही तसेच झाले. दिल्लीचा धूर राजधानीला खुपला, म्हणून २०१८-१९ पासून पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्लीतील शेतकऱ्यांना अवशेषांच्या यंत्रांसाठी केंद्राची स्वतंत्र योजना मिळाली. २०२२ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तणसाचे साधे, न भाजलेले पेलेट बनवणाऱ्या प्रकल्पांना कमाल ७० लाख रुपयांपर्यंत एकरकमी मदत देऊ केली. पऱ्हाटीला यात जागा नाही. आमचा धूर दिल्लीपर्यंत जात नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणून राज्य शासनाला माझी विनंती आहे की, महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीच्या केंद्रांनी लागणाऱ्या पेलेटचा ठरावीक हिस्सा जवळच्या जिल्ह्यांतील पऱ्हाटीपासूनच घ्यावा, असा निर्णय करावा आणि गावात कापून दिलेल्या पऱ्हाटीचा क्विंटलमागचा किमान भाव हंगामापूर्वी, सलग पाच वर्षांसाठी जाहीर करावा. नुसत्या अनुदानावर माझा फारसा विश्वास नाही. अनुदानात घेतलेली आणि पुढे झाकून ठेवलेली अवजारे प्रत्येक तालुक्यात सापडतील. खरेदीची हमी असेल, तर यंत्र अनुदानाशिवायही फिरते. संकलनासाठी नवी केंद्रे बांधण्याचीही गरज नाही. जिनिंग कारखान्यांत वजनकाटा, वीज आणि मोठे आवार असते आणि कापसाची आवक ओसरल्यावर उन्हाळ्यात ते रिकामेच असतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तेथे पऱ्हाटी घ्यावी. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून अशा कंपन्यांना आधीही बळ मिळालेले आहे.

कारागिरांसाठी एक वेगळी सोय लागेल. अनुदानाच्या यादीत यंत्र बसवायचे तर मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल लागतो. त्याचा खर्च आणि हेलपाटे लहान कारागिराला झेपत नाहीत. स्थानिक कारागिराच्या पहिल्या यंत्राची चाचणी शासनाच्या खर्चाने, विद्यापीठाच्याच प्रक्षेत्रावर व्हावी आणि दोष निघाल्यास नापासाचा शिक्का मारण्याऐवजी ते सुधारण्यासाठी तेथील अभियंत्यांनी त्याच्यासोबत बसावे.

सगळीच पऱ्हाटी भट्टीत जावी, असे मात्र माझे म्हणणे नाही. आमच्या जमिनींत सेंद्रिय कर्ब कमी आहे आणि ज्यांना पऱ्हाटीचा भुगा करून खत करायचे आहे, त्यांनाही तेच कापणी यंत्र उपयोगी पडेल. शिवाय गावातील शेतमजुरांच्या कित्येक चुली आजही पऱ्हाटीवर पेटतात, कारण गॅसची टाकी दर वेळी भरून आणणे त्यांना परवडत नाही. तेव्हा भाव ठरवताना गावाच्या वाट्याचे जळण आधी गावात राहील, याची तरतूद ग्रामसभेच्या हाती द्यावी.

मृगात आम्ही सरकी टोबतो (पेरतो). भाव त्याआधी जाहीर झाला, तर पऱ्हाटी निघेपर्यंत कारागिरांना यंत्रे घडवायला सहा-सात महिने मिळतील.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ